नवी प्रणाली आणि आपली सकळ लिपी

विंडोज १० वरून विंडोज ११ वर जावे की नाही, हा प्रश्न साहित्यचर्चेच्या पानावर कशासाठी, असे वाचक विचारतील. आम्हीही प्रथम तसेच विचारले होते. संगणक दुरुस्त करणारा मुलगा, कार्यालयातील लिपिक आणि फार तर प्राचार्य यांनी मिळून हा प्रश्न सोडवावा, मराठीच्या अध्यापकांनी आपले ज्ञानेश्वर आणि केशवसुत सांभाळावेत, अशी आपल्याकडे कामाची वाटणी ठरून गेली आहे. ही वाटणी चुकीची आहे आणि तिच्यापायी मराठीतील लिखित मजकूर आपल्या डोळ्यांदेखत नासतो आहे, एवढेच सांगण्यासाठी हा लेख.

प्रसंग साधा आहे. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूर या गावी आम्ही काही मराठीचे अध्यापक सुटीच्या दिवशी एका घरी जमतो. त्या घरात दोन संगणक आहेत. एकावर विंडोज १० आहे. गुणांच्या याद्या, प्रश्नपत्रिका, शोधनिबंध, बँकेचे व्यवहार, सगळे त्यावर चालते. दुसरा विंडोज एक्सपीचा, पंख्याचा घरघराट करणारा. तो कोणी मोडीत काढत नाही, कारण त्यात आमच्या एका दिवंगत ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून खेड्याखेड्यांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. त्या एका डीटीपी केंद्रात पेजमेकरमध्ये टंकित झाल्या. ज्या मराठी सॉफ्टवेअरवर टंकन झाले त्याला प्रिंटरच्या रुंद पोर्टात बसणारे लॉक लागते. मूळ वह्या एका पावसाळ्यात भिजून गेल्या. छापील प्रत आहे ती पहिल्या भागाची, आणि तीही झेरॉक्सची. ज्या बायांनी त्या ओव्या सांगितल्या, त्यांच्यापैकी बहुतेक आज हयात नाहीत. म्हणजे उरलेल्या ओव्या जगात एकाच ठिकाणी आहेत : त्या घरघरणाऱ्या पेटीत.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित साहाय्य थांबवले. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत तेवढी जाहीर केली. त्यामुळे आमच्या बैठकीत या दोन्ही संगणकांचे काय करायचे, हा विषय निघाला आणि पाहता पाहता दोन पक्ष पडले. त्यांना आम्ही राखणदार आणि नवेपंथी म्हणू. हे दोन पक्ष महाराष्ट्रातील प्रत्येक मराठी विभागात आहेत, असा आमचा अंदाज आहे. दोघांचेही म्हणणे आम्हांस मान्य नाही.

राखणदारांचे म्हणणे असे : चालते आहे तोवर चालू द्यावे. नवी प्रणाली टाकली की जुने फाँट जातात, जुन्या फायली उघडत नाहीत, काना-मात्रा उडतात. आपले वीस-पंचवीस वर्षांचे लेखन त्या फाँटांत आहे. म्हणून प्रणाली बदलू नये.

या म्हणण्यातील पहिली चूक वस्तुस्थितीची आहे. जुन्या मराठी फाँटांपैकी बहुतेक ट्रूटाइप जातीचे आहेत आणि ते विंडोज ११ वरही बसतात. कृतिदेवमध्ये लिहिलेला निबंध नव्या संगणकावर फाँट टाकताच जसाच्या तसा दिसतो. मोडते ते निराळे. विंडोज ११ केवळ ६४ बिटी स्वरूपात मिळते आणि ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी जुने कार्यक्रम चालत नाहीत. लॉकसाठी लागणारे पोर्ट नव्या यंत्रांना नसते आणि असले तरी त्या लॉकचा ड्रायव्हर नव्या प्रणालीला ओळखीचा नसतो. पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती, ७.०, ही २००१ सालची. तिला युनिकोड समजत नाही आणि नव्या प्रणालीवर ती चालली तर चालते. तेव्हा धोका आहे तो टंकनाच्या साधनांना. फाँट बापडे कुठेही येतात.

दुसरी चूक अधिक खोल आहे. फाँट आला, अक्षरे दिसली, म्हणजे मजकूर शाबूत आहे, असे राखणदार धरून चालतात. दिसणे आणि असणे यांतला भेद सांगण्यात आम्ही मराठीचे अध्यापक आयुष्य घालवतो, पण इथे मात्र आम्हीच फसतो. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द टंकित करा. पडद्यावर 'मराठी' दिसेल. संगणकाच्या पोटात मात्र ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरे साठतील. फाँट काढून टाका, म्हणजे तीच पाच अक्षरे उघडी पडतील. संगणकाच्या लेखी तुम्ही मराठी लिहिलेलेच नाही. इंग्रजी अक्षरांची एक निरर्थक रांग लिहिली आणि तिला मराठीचा अंगरखा घातला. अंगरखा शिवणारे अनेक, आणि प्रत्येकाचे माप निराळे. एका फाँटात जिथे 'म' आहे तिथे दुसऱ्यात जोडाक्षराचा तुकडा आहे. त्यामुळे एका कंपनीच्या फाँटातला लेख दुसऱ्या कंपनीच्या फाँटात टाकला की कचरा होतो.

हे असे का झाले, तेही सांगितले पाहिजे, कारण त्यात कोणाचे कारस्थान नव्हते. आठ बिटांच्या व्यवस्थेत २५६ घरे असतात. त्यांतली काही आधीच अडलेली. उरलेल्या दोनशे-सव्वादोनशे घरांत देवनागरीची अक्षरे, अर्धी अक्षरे, काने, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे कोंबायची होती. ज्याने त्याने आपापल्या सोयीने कोंबली. यावर उपाय देशातच झाला होता. इन्स्क्रिप्ट या कळफलकाचे प्रमाणीकरण १९८६ साली झाले. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली १९८८ मध्ये आली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्थिर झाली. त्याच १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. युनिकोडने १९९१ च्या आपल्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधारे केली. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत आली. एक्सपीमध्ये ती मुद्दाम सुरू करावी लागे आणि त्यासाठी सीडी मागे. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, तीही अडचण उरली नाही. म्हणजे गेली अठरा-वीस वर्षे कोणतेही लॉक, कोणताही विकतचा फाँट न घेता मराठीत लिहिता येते. या काळात आपण किती लिहिले आणि त्यांतले किती जुन्या फाँटांत लिहिले, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या कपाटातल्या सीडी काढून करावा.

इथे आम्हांस आमच्याच तालुक्यातील एक गोष्ट आठवते. गोदावरीच्या काठी, गेवराई तालुक्यातच, पांचाळेश्वर आहे. महानुभावांचे हे मोठे तीर्थस्थान. या पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, आणि त्यांतली प्रमुख ती सकळ लिपी. अक्षराच्या जागी दुसरे अक्षर, दुसरे चिन्ह योजायचे. किल्ली ज्याला ठाऊक त्यालाच वाचता येईल. परिणाम काय झाला ते आपण वर्गात शिकवतो. तेराव्या शतकाच्या अखेरीचे 'लीळाचरित्र' हे मराठी गद्य कित्येक शतके पंथाबाहेरच्या वाचकाला नव्हतेच. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्यांनी ती किल्ली बाहेर आणली आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे आरंभीचे प्रकरण नव्याने लिहावे लागले. आमचे जुने फाँट ही नेमकी सकळ लिपी आहे. अक्षराच्या जागी दुसरे अक्षर, आणि किल्ली असेल त्यालाच वाचता येणार.

फरक आहे तो महानुभावांच्या बाजूने आहे. त्यांनी मजकूर जाणूनबुजून कुलूपबंद केला, तो जपण्यासाठी केला, आणि किल्ली गुरूकडून शिष्याकडे सोपवत ठेवली. म्हणूनच सहाशे वर्षांनी ती देणारा कोणी तरी होता. आपण कुलूप लावले ते न कळत. किल्ली आपल्या हातात कधीच नव्हती. ती विकत घेतलेल्या एका लॉकमध्ये होती आणि ते लॉक ज्या पोर्टात बसते ते पोर्टही आता नव्या यंत्रांना सहसा नसते. मोडी वाचणारे उरले नाहीत म्हणून आपण हळहळतो. पण मोडीचा कागद निदान समोर तरी असतो. तो वाचायला शिकता येते. आमच्या सहकाऱ्यांच्या ओव्यांचा कागदच नाही.

आता नवेपंथी. त्यांचे म्हणणे : जुने ते गेले. नवा संगणक घ्या, विंडोज ११ टाका, जुन्याला फॉरमॅट मारून भंगारात द्या. जे महत्त्वाचे असेल ते पीडीएफ करून ठेवा.

यांच्या म्हणण्यातील अर्धा भाग खरा आहे, तो आधी मान्य करतो. साहाय्य संपलेल्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार आणि विद्यार्थ्यांचे गुण ठेवणे ही बेपर्वाई आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरातले संगणक गोठवले. ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे कामही अडले. ज्या भेगेतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिलेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. एक्सपीसारख्या, आधीच साहाय्य संपलेल्या प्रणालींना ती दुरुस्ती वेळेवर मिळालीच नव्हती. 'चालते आहे तोवर चालू द्या' या वाक्याचा अर्थ 'चोर येईपर्यंत दार उघडे ठेवा' असा होतो, एवढे राखणदारांनी ध्यानात घ्यावे.

पण नवेपंथीयांचा उपाय पाहा. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाचकती लागते आणि साधारणपणे २०१७ च्या आधीचे प्रोसेसर मान्य यादीत नाहीत. आमचा विंडोज १० चा संगणक या चाळणीतून गळतो. त्याचा पडदा चांगला आहे, कळफलक चांगला आहे, लिहिण्याच्या कामाला तो अजून दहा वर्षे पुरेल. त्याला केवळ एका यादीत नाव नाही म्हणून भंगारात द्यायचा आणि नव्या यंत्रासाठी पैसे मोजायचे, हा व्यवहार ज्यांच्या पगाराची तारीख निश्चित आहे त्यांना सुचतो. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्यातल्या सहकाऱ्यांना तो सुचत नाही.

आणि पीडीएफ? पीडीएफ ही मजकुराची तसबीर आहे. जुन्या फाँटातला लेख पीडीएफ केला की तो दिसतो, छापता येतो, आणि आतून तीच निरर्थक रांग राहते. त्यात शब्द शोधता येत नाही, त्याची सूची करता येत नाही, त्यातला उतारा उचलून दुसरीकडे नेला तर कचरा उतरतो. हा प्रयोग कोणीही करून पाहावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीपासून पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक झाले आणि शोधगंगा या भांडारात असे प्रबंध साठू लागले. तिथला जुन्या फाँटातला एखादा मराठी प्रबंध उघडावा, त्यातला परिच्छेद नकलून कोऱ्या पानावर डकवावा. जे उमटेल त्याला मराठी म्हणता येणार नाही. ग्रामीण साहित्यावरचा प्रबंध आहे, त्यात 'दुष्काळ' हा शब्द शेकडो वेळा आहे, आणि संगणकाला तो एकदाही सापडत नाही. पुढच्या संशोधकाच्या दृष्टीने तो प्रबंध लिहिलाच गेलेला नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, प्रणाली बदलावी की नाही हा प्रश्नच चुकीच्या क्रमाने विचारला जातो. आधी मजकूर सोडवा, मग यंत्राचे काय ते ठरवा. मजकूर युनिकोडात आला की विंडोज १०, विंडोज ११, लिनक्स, मोबाइल, यांपैकी कशाचेही आपण मिंधे राहत नाही. तो आला नाही तर जुने यंत्र राखणे म्हणजे मरण लांबवणे आणि नवे यंत्र घेणे म्हणजे अंत्यविधी उरकणे.

युनिकोड म्हणजे मोक्ष, असे मात्र आम्ही म्हणत नाही. भक्तांनी तसे सांगून फार नुकसान केले आहे. युनिकोडातही मराठीची आबाळ झालेली आहे. 'ॲ' हे अक्षर त्यात एकसंध स्वरूपात आले ते २००८ मध्ये. मराठीचा 'ऱ्य' दोन निरनिराळ्या पद्धतींनी साठवता येतो. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, आणि एक शोधले तर दुसरे सापडत नाही. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे अनेक फाँटांत हिंदी वळणांनी गिळली. राज्य शासनाला २००९ मध्ये वर्णमालेसंबंधी शासननिर्णय काढून अक्षरांची वळणे सांगावी लागली. विंडोज १० पासून मंगल हा फाँटही आपोआप येत नाही. तो पूरक फाँटांच्या गठ्ठ्यातून वेगळा मागवावा लागतो. या अडचणी खऱ्या आहेत. पण त्या सुटणाऱ्या आहेत, कारण संकेत सर्वांना खुला आहे आणि त्यातली चूक कोणालाही दाखवता येते. लॉकमध्ये बंद असलेल्या संकेतातली चूक दाखवायची कोणाला?

रूपांतराचे कामही बटण दाबून होत नाही, आणि इथेच आमच्या व्यवसायाचा संबंध येतो. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होते. युनिकोडात ती अक्षरानंतर साठते. रफार जुन्या फाँटांत अक्षराच्या शेवटी येतो, युनिकोडात आधी. रूपांतर करणारा कार्यक्रम ही उलटापालट करतो आणि जोडाक्षरांच्या गर्दीत चुकतो. 'आचार्यांना दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा दिली' या दोन वाक्यांत एका रफाराचा फरक आहे, आणि गुरुजींच्या जागी स्वयंपाकी येऊन बसतो. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि डोंगर यांचे अंतर आहे. ओव्यांसारख्या बोलीतल्या मजकुरात तर प्रमाणकोशही साथ देत नाही. हे रूप चूक आहे की बाईने तसेच म्हटले आहे, हे ठरवायला मराठी जाणणारा माणूस लागतो. डीटीपीवाल्या मुलाने ते ठरवावे, अशी अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे आणि ओवीवरही.

याला आपल्या परंपरेत नाव आहे : प्रतिशुद्धी. आमच्या भागातून गोदेच्या काठाने वर गेले की पैठण लागते. तिथे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. तीनशे वर्षांत नकला करता करता पाठ बिघडले होते आणि ते नीट करणे हे आपले काम आहे, असे नाथांना वाटले. ते स्वतः मोठे कवी होते. तरीही हे कारकुनी काम आहे असे त्यांनी म्हटले नाही. आपण मात्र पाठचिकित्सेवर प्रश्नपत्रिका काढतो आणि स्वतःच्या विभागातल्या फायलींची पाठचिकित्सा करायची वेळ आली की संगणकवाल्याला फोन लावतो.

वाहक कोणता हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी कधी मोठा मानला नाही. आमच्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर 'पंचीकरण' लिहिले. ती पासोडी आजही वाचता येते, कारण कापड कसेही असले तरी त्यावरची अक्षरे सर्वांना ठाऊक असलेली अक्षरे होती. कापड जुने होणारच. कापड बदलता येते. अक्षरे परकी झाली की कापड राखून उपयोग नसतो.

हे काम होऊ शकते याचा पुरावाही दूर नाही. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. त्या २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर क्रमाक्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यांत आमच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या, १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्याही आहेत. माजलगावच्या ओव्या आज जगात कुठेही वाचता येतात, ऐकता येतात. त्याच काळात, त्याच जिल्ह्यात, तितक्याच जिव्हाळ्याने जमवलेल्या गेवराई तालुक्यातल्या ओव्या एका पेटीत कोंडलेल्या आहेत. गाणाऱ्या बायांत काही कमीजास्त नव्हते. जमवणाऱ्यांच्या कष्टांतही नव्हते. पुढे तो मजकूर कोणी वाहून नेला आणि कोणी नेला नाही, एवढाच फरक.

यात अध्यापकांइतकाच संस्थांचा दोष आहे, तोही स्पष्ट सांगितला पाहिजे. लेख अमुक फाँटात, अमुक आकारात पाठवावा, युनिकोड चालणार नाही, अशा सूचना आजही मराठी शोधपत्रिकांच्या निवेदनांत दिसतात. युनिकोडात लिहिलेला लेख मुद्दाम जुन्या फाँटात उलटा फिरवून पाठवण्याची पाळी आमच्यावर आलेली आहे. म्हणजे खरे मराठी मोडून निरर्थक रांग करायची, कारण छापणाऱ्याकडे पेजमेकर आहे. त्याच्या सोयीसाठी लेखकाने स्वतःचा मजकूर बिघडवायचा आणि ते प्रमाणपत्र लावून पदोन्नतीच्या फायलीत ठेवायचे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आम्हीही आनंदाने पेढे वाटले. त्या दर्जासाठी दोन हजार वर्षांमागच्या शिलालेखांचे आणि 'गाथासप्तशती'चे दाखले दिले गेले. दोन हजार वर्षांपूर्वीचा दगड आपण वाचून दाखवतो आणि पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल आपल्याला उघडत नाही. अभिजाततेचा निधी कोणाला, किती, यावर भांडण्याआधी या एका गोष्टीची लाज वाटायला हरकत नाही.

आमच्यापुरता आम्ही निर्णय घेतला आहे. तो असा. एक्सपीचा संगणक जपून ठेवायचा, पण मजकूर सुटेपर्यंतच. त्याला इंटरनेटची तार लावायची नाही. त्याच्यातल्या पेजमेकरच्या फायलींमधून मजकूर साध्या स्वरूपात बाहेर काढायचा. त्या फाँटासाठी तयार रूपांतरक मिळाला नाही, तर दोनशे-सव्वादोनशे चिन्हांचा तक्ता स्वतः करायचा. डाव्या रकान्यात जुने चिन्ह, उजव्या रकान्यात मराठी अक्षर. चार माणसांना हे काही सुट्यांचे काम आहे. मग एम.ए.च्या विद्यार्थ्यांबरोबर ओवी ओवी वाचून तपासायची. जिथे छापील भाग आहे तिथे त्याच्याशी ताडायचे, जिथे नाही तिथे त्या त्या गावातल्या म्हाताऱ्या बायांना वाचून दाखवून विचारायचे. शंका राहील तिथे शंकाचिन्ह ठेवायचे. शेवटी तो मजकूर साध्या युनिकोड फायलींत तीन-चार ठिकाणी ठेवायचा. विद्यार्थ्यांना पाठसंपादनाचा इतका चांगला धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकातून मिळणार नाही.

विंडोज १० च्या संगणकावर लिनक्स टाकायचे. त्याला टीपीएमची चकती लागत नाही. लिबरऑफिस फुकट मिळते, लोहित आणि मुक्त यांसारखे मोफत देवनागरी फाँट आहेत, संस्कृत-मराठी ग्रंथांसाठी आयआयटी मुंबईचा शोभिका आहे. ज्या सहकाऱ्यांना एखाद्या सरकारी कामासाठी विंडोजच लागते त्यांनी ऐपतीप्रमाणे विंडोज ११ चे यंत्र घ्यावे, त्याला आमचा विरोध नाही. मजकूर मोकळा असेल तर कोणते यंत्र घेतले याने काही बिघडत नाही. आणि ज्या शोधपत्रिका जुन्या फाँटाचा आग्रह धरतील त्यांना लेख पाठवायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे. त्याने आमचे काही गुण बुडतील. ते बुडू देत.

राखणदार मित्र विचारतात, एवढा उपद्व्याप कशासाठी, तो संगणक आणखी पाच वर्षे चालेल. चालेलही. पण त्याची हार्ड डिस्क कधी बसेल हे त्याला विचारून ठरत नाही. ज्या दिवशी ती बसेल त्या दिवशी या शिवारातल्या काही बायांनी पहाटे दळताना जे म्हटले होते, ते दुसऱ्यांदा संपेल. पहिल्यांदा ते जात्याबरोबर संपत आले होते, तेव्हा आमच्या सहकाऱ्यांनी वह्या घेऊन गावे पालथी घातली. दुसऱ्यांदा वाचवण्यासाठी गावे पालथी घालायची गरज नाही. खुर्ची ओढून बसायचे आहे, आणि तक्ता लिहायला घ्यायचा आहे. आम्ही येत्या रविवारी बसतो आहोत. ज्यांच्या कपाटांत अशा सीडी आणि अशा पेट्या आहेत, त्यांनीही बसावे.